एका सुलतानढव्याची गोष्ट

आयटीत दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही 'ब्रेनस्टॉर्मिंग' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. कॅलेंडरवर तासाभराचं निमंत्रण येतं. कॉन्फरन्स रूममध्ये दहा-बारा जण जमतात, त्यातले दोघं लॅपटॉप उघडून आपापली मेल बघत बसतात, कुणीतरी मार्कर घेऊन व्हाइटबोर्डासमोर उभं राहतं आणि जाहीर करतं की इथे कुठलीच कल्पना वाईट नाही, बिनधास्त बोला. मग एक लांबलचक शांतता. मग नेहमीचे तिघं बोलतात, बाकीचे माना डोलावतात, शेवटी बोर्डाचा फोटो काढला जातो आणि तो फोटो पुन्हा कुणीही उघडून बघत नाही.

ही पद्धत मुळात आली कुठून, हा प्रश्न मला बरेच दिवस पडला होता. मॅनेजमेंटची कुठलीही गोष्ट जपानहून नाहीतर अमेरिकेहून आली की आपण ती 'बेस्ट प्रॅक्टिस' म्हणून मुकाट्याने पाळतो. म्हटलं, जरा खणून बघू. खणल्यावर जे निघालं ते बरंच मजेशीर आहे, आणि थोडं अस्वस्थ करणारंही.

सुरुवात शब्दापासूनच करू. 'ब्रेनस्टॉर्म' हा शब्द आधी ऑफिसातला नव्हताच, तो कोर्टकचेरीतला आणि वेड्यांच्या इस्पितळातला होता. जून १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनच्या गच्चीवर संगीत नाटक चालू असताना हॅरी थॉ नावाच्या एका गडगंज घराण्यातल्या वारसाने स्टॅनफर्ड व्हाइट ह्या नामांकित वास्तुविशारदाला सगळ्यांदेखत गोळ्या घातल्या. (योगायोग असा, की ती इमारतही व्हाइटनेच आखलेली.) १९०७ च्या खटल्यात बचावपक्षाच्या डॉक्टरांनी मत दिलं की त्या क्षणी आरोपीच्या डोक्यात 'ब्रेनस्टॉर्म' उठलं होतं, म्हणजे माथं भडकून त्याचा स्वतःवरचा ताबाच सुटला होता. वर्तमानपत्रांनी तो शब्द उचलून धरला आणि घराघरात पोचवला. पहिल्या ज्यूरीचं एकमत झालं नाही. १९०८ च्या दुसऱ्या खटल्यात थॉ वेडाच्या सबबीवर सुटला. तर असा हा शब्द. आपण आज ज्याला कौतुकाने 'विचारमंथन' म्हणतो त्याचा पणजोबा म्हणजे खुनाच्या आरोपातून सुटण्याची पळवाट!

आता ॲलेक्स ऑस्बॉर्न. जन्म १८८८, न्यूयॉर्क शहरातला. बफलोला वर्तमानपत्रात बातमीदारी केली, मग जाहिरातीच्या धंद्यात शिरला. १९१९ मध्ये बार्टन आणि डर्स्टाइन ह्या दोघांबरोबर त्याने एजन्सी काढली, आणि १९२८ मध्ये ती जॉर्ज बॅटन कंपनीत विलीन होऊन 'बॅटन, बार्टन, डर्स्टाइन अँड ऑस्बॉर्न' असं भलंमोठं नाव तयार झालं. जिन्यावरून ट्रंक गडगडत खाली यावी तसं हे नाव ऐकू येतं, असा एक विनोद त्या काळी अमेरिकेत लोकप्रिय होता. म्हणूनच की काय, पुढे सगळे नुसतं 'बीबीडीओ' म्हणू लागले.

तिशीच्या दशकाच्या शेवटी ही एजन्सी अडचणीत आली. गिऱ्हाइकं जाऊ लागली, १९३९ मध्ये डर्स्टाइनही बाहेर पडला. बफलोत बसलेल्या ऑस्बॉर्नने न्यूयॉर्कच्या ऑफिसात लक्ष घातलं आणि त्याला एक गोष्ट खटकली. जाहिरातीच्या बैठकांमध्ये कल्पना जन्माला यायच्या आतच मारल्या जात होत्या. कुणी काही सुचवलं रे सुचवलं की दुसरा लगेच 'हे चालणार नाही' म्हणायला तयार. मग त्याने बैठकांची नवीच पद्धत सुरू केली. त्यात भाग घेणाऱ्यांनीच तिला 'ब्रेनस्टॉर्म सेशन' असं टोपणनाव ठेवलं, आणि ऑस्बॉर्नला ते एकदम पसंत पडलं. का, तर त्याच्या मते इथे 'स्टॉर्म' म्हणजे वादळ नव्हे. किल्ल्यावर चारी बाजूंनी एकदम चढाई करतात, तसं डोकं घेऊन प्रश्नावर तुटून पडायचं. आपल्या बखरींत ह्यासाठी फर्मास शब्द आहे: सुलतानढवा. तेव्हा 'मेंदूतलं वादळ' असं भाषांतर करणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं.

नियम चार. कल्पना निघत असताना टीका अजिबात करायची नाही, ती नंतर. कल्पना जितकी अचाट तितकी चांगली, कारण रानटी घोड्याला माणसाळवणं सोपं, मेलेल्या घोड्याला पळवणं कठीण (हा दृष्टांत माझा). संख्या हवी, भरपूर हवी. आणि दुसऱ्याच्या कल्पनेत भर घालायची, दोन कल्पनांची मोट बांधायची. बस. चारही नियम आज जगातल्या कुठल्याही कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये जवळपास जसेच्या तसे सापडतील.

ऑस्बॉर्न मूळचा जाहिरातवाला, त्यामुळे स्वतःच्या पद्धतीची जाहिरातही त्याने झकास केली. १९४८ मध्ये 'युअर क्रिएटिव्ह पॉवर' आणि १९५३ मध्ये 'अप्लाइड इमॅजिनेशन' ही पुस्तकं लिहिली. त्यात आकड्यांचा नुसता पाऊस आहे. एका बैठकीत अमुक कल्पना, दुसरीत तमुक. ब्लँकेटं जास्त कशी विकावीत ह्या प्रश्नावर म्हणे एका गटाने १२४ कल्पना काढल्या. त्या १२४ पैकी प्रत्यक्षात किती वापरल्या गेल्या आणि किती घोंगडी भिजत पडली, हे विचारणारा मात्र तेव्हा कुणी भेटला नसावा. १९५४ मध्ये त्याने क्रिएटिव्ह एज्युकेशन फाउंडेशन काढलं, बफलोत दरवर्षी शिबिरं भरू लागली. पन्नाशीतल्या अमेरिकेला हे सगळं मानवणारंच होतं. युद्ध जिंकून झालेलं, कंपन्या अवाढव्य झालेल्या, जिकडे तिकडे कमिट्या. एकट्या माणसापेक्षा गट शहाणा, असा तो काळच होता. विल्यम व्हाइट नावाच्या पत्रकाराने १९५६ च्या 'द ऑर्गनायझेशन मॅन' ह्या पुस्तकात ह्या गटभक्तीवर सडकून टीका केली, पण लाट काही ओसरली नाही.

एक गंमत सांगायची राहिली. 'अप्लाइड इमॅजिनेशन'मध्ये ऑस्बॉर्नने आपल्या पद्धतीला चक्क भारतीय पूर्वज जोडला आहे! हिंदू गुरू म्हणे चारशेहून अधिक वर्षं अशीच पद्धत वापरत आले आहेत आणि तिचं नाव 'प्राय-बर्शाना'. अर्थ काय, तर 'प्राय' म्हणजे स्वतःच्या बाहेरचं आणि 'बर्शाना' म्हणजे प्रश्न. हे वाचून मी उडालोच. असला शब्द आपल्याकडच्या कुठल्या आजीने उच्चारला असेल असं वाटत नाही. पण तोच शब्द दोन-तीनदा मोठ्याने म्हणून बघा... 'परप्रश्न'? 'परिप्रश्न'? गीतेच्या चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचा एक मार्ग म्हणून 'परिप्रश्न' आलाच आहे. माझा आपला अंदाज असा, की कुणीतरी कुणालातरी तोंडी सांगितलेला हा शब्द बफलोला पोचेपर्यंत असा वाकडा झाला. फक्त परिप्रश्न म्हणजे गुरूला नम्रपणे खोदून खोदून विचारणं. बारा जणांनी एकदम सुटणं नव्हे. त्यामुळे 'हे सगळं आपल्याकडे आधीपासून होतंच' म्हणून कॉलर ताठ करणाऱ्यांना इथे फारसा वाव नाही. :)

आता खरी गोष्ट. १९५८ पर्यंत सगळे ऑस्बॉर्नच्या शब्दावर विश्वास ठेवून होते. त्या वर्षी येल विद्यापीठातल्या टेलर, बेरी आणि ब्लॉक ह्या तिघांनी एक साधा प्रयोग छापला. मला तो त्यातल्या युक्तीमुळे फार आवडतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. ९६ विद्यार्थी घेतले. ४८ जणांचे चार-चारांचे १२ गट केले. उरलेल्या ४८ जणांना एकेकटं बसवलं. सगळ्यांना ऑस्बॉर्नचे चारही नियम सांगितले आणि तेच तीन प्रश्न दिले. युरोपातले पर्यटक अमेरिकेत जास्त कसे येतील? मुलं वाढणार आहेत, मग शिक्षण टिकवायला शाळांनी काय करावं? आणि तिसरा प्रश्न तर लाजवाब: १९६० नंतर जन्मणाऱ्या प्रत्येकाला दोन्ही हातांना एकेक जास्तीचा अंगठा आला, तर फायदे-तोटे काय?

आता चार जणांची एका माणसाशी तुलना केली तर चार जण जिंकणारच, त्यात काय मोठंसं. म्हणून त्यांनी एकट्या बसलेल्यांच्या याद्या नंतर चार-चारच्या गठ्ठ्यांत एकत्र केल्या, दोघांनी तीच कल्पना लिहिली असेल तर ती एकदाच मोजली, आणि अशा कागदोपत्री गटांची तुलना खऱ्या गटांशी केली. म्हणजे बेसलाइन बरोबर निवडली. (आपल्याकडे परफॉर्मन्स टेस्टिंगमध्ये किती जण हे करतात, सोडा.) निकाल काय लागला? जे एकमेकांना भेटलेसुद्धा नाहीत अशा चौघांनी, एका टेबलाभोवती बसलेल्या चौघांपेक्षा जवळजवळ दुप्पट कल्पना दिल्या. आणि दर्जातही ते मागे पडले नाहीत, उलट सरसच ठरले.

विद्यार्थ्यांचं काय घेऊन बसलात, खऱ्या कंपनीतले अनुभवी लोक घेऊन बघा, असा आक्षेप येणारच होता. १९६३ मध्ये मिनेसोटाच्या डनेट आणि सहकाऱ्यांनी थ्रीएम कंपनीतले ४८ संशोधक आणि जाहिरात खात्यातली ४८ माणसं घेतली. चोवीस गट झाले, त्यातल्या तेवीस गटांच्या बाबतीत एकेकट्याने काढलेल्या कल्पनांची बेरीज जास्त भरली. चोवीसपैकी तेवीस! ज्या थ्रीएमच्या पिवळ्या चिठ्ठ्या पुढे जगभरच्या ब्रेनस्टॉर्मिंगच्या भिंतींवर चिकटल्या, तिथलीच ही माणसं.

असं का व्हावं? पहिला संशय कामचुकारपणावर. रिंगलमन नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने दोरी ओढण्याचे प्रयोग केले होते, ते १९१३ मध्ये प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून दोरी ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर त्याच्या एकट्याच्या जोराच्या जेमतेम निम्मा भरतो. 'बाकीचे आहेत की' ही भावना. गणपती मिरवणुकीत गाडी ढकलताना नुसता हात लावून चालणारी माणसं आठवा. दुसरा संशय भीतीवर. नियम काहीही म्हणोत, समोर बॉस बसलाय आणि आपण काहीतरी येडपट बोललो तर? हे दोन्ही थोडेफार खरे आहेत. पण मुख्य चोर वेगळाच निघाला.

१९८७ मध्ये जर्मनीतल्या ट्यूबिंगेन विद्यापीठात डील आणि श्ट्रोबे ह्या दोघांनी तो पकडला. त्यांनी माणसांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवलं आणि समोर सिग्नलसारखे दिवे ठेवले. दुसऱ्या खोलीतला माणूस बोलत असेल तर तुमच्याकडे लाल दिवा, त्याचं संपलं की हिरवा. काही जणांना इतरांचं बोलणं ऐकू येत होतं, काहींना येत नव्हतं. काहींच्या बाबतीत दिवे होते, पण ते पाळायचं बंधन नव्हतं. निष्कर्ष असा की दुसऱ्याचं ऐकू येतं की नाही ह्याने विशेष फरक पडला नाही. थांबावं लागणं हाच घात. जिथे पाळी येईपर्यंत गप्प राहावं लागत होतं, तिथे कल्पना साधारण निम्म्यावर आल्या.

प्रोग्रामरला हे दोन शब्दांत कळेल: सिंगल थ्रेड. बारा मेंदू समांतर चालू शकतात, पण त्यांना बाहेर पडायला तोंड एकच. एका वेळी एकानेच लॉक घ्यायचा, बाकीचे अकरा ताटकळत. आणि ताटकळताना ते नवा विचार करत नाहीत. जो आधी सुचलाय तो विसरू नये म्हणून मनात घोकत बसतात. घोकता घोकता विषय पुढे सरकतो, आणि मग 'जाऊ दे' म्हणून तो विचार गिळला जातो.

हे वाचताना मला आमच्या जुन्या टीममधला एक मुलगा आठवत होता. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलेला, बारावीपर्यंत मराठी माध्यम. डेटाबेसचं त्याच्याइतकं आमच्यात कुणालाच कळत नव्हतं. मीटिंगमध्ये तो तोंड उघडायचा नाही. मीटिंग संपली की खाली टपरीवर चहा घेताना सहज म्हणायचा, "ते कॅशिंगबिशिंग कशाला पाहिजे रे, इंडेक्सच चुकीचा लावलाय." आणि ते बरोबर असायचं. एकदा विचारलं, हे वर का नाही बोललास? म्हणाला, "इंग्लिशमध्ये वाक्य जुळवेस्तोवर तुम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलेले असता." त्याचा लाल दिवा इतरांपेक्षा दुप्पट वेळ पेटलेला असायचा, एवढाच काय तो फरक. त्या वर्षीच्या अप्रेझलमध्ये त्याच्या नावापुढे शेरा आला: 'चर्चेत पुढाकार घेत नाही.' रेटिंग घसरलं. काही महिन्यांनी त्याने नोकरी सोडली. त्यामुळे हा विषय माझ्यासाठी नुसता 'प्रॉडक्टिव्हिटी'चा राहिलेला नाही. कोण जास्त बोललं हे दिसतं आणि मोजलं जातं, कुणाला जास्त सुचलं हे दिसतच नाही.

बरं, इतके प्रयोग होऊनही पद्धत मेली का नाही? कारण ती करताना फार छान वाटतं! श्ट्रोबे आणि मंडळींनी १९९२ मध्ये आणि टेक्ससच्या पॉलस ह्यांनी १९९३ मध्ये दाखवून दिलं की गटात बसलेल्यांना आपण एकट्यापेक्षा जास्त चांगलं काम केलं असं मनापासून वाटतं, प्रत्यक्षात कमी केलेलं असलं तरी. दुसऱ्याने मांडलेली कल्पना 'मलाही सुचलीच होती' असं आपण सहज धरून चालतो. एकट्याला सुचेनासं झालं की ते टोचतं. गटात दुसरा कुणीतरी बोलत असतोच, त्यामुळे आपली पाटी कोरी आहे हे आपल्याही लक्षात येत नाही.

सगळाच दोष देऊन मोकळं व्हावं असंही नाही. १९९६ मध्ये सटन आणि हार्गाडन ह्या दोघांनी कॅलिफोर्नियातल्या आयडिओ ह्या डिझाइन कंपनीचा अभ्यास छापला. तिथे ब्रेनस्टॉर्मिंग हा जवळजवळ कुळाचार. त्यांचं म्हणणं, की नुसत्या कल्पना मोजणं हीच चूक आहे. ह्या बैठकांमधून जुन्या प्रोजेक्टमधलं ज्ञान ह्याच्याकडून त्याच्याकडे जातं, नवी माणसं शिकतात, गिऱ्हाईक खूश होतं, आणि कोण किती पाण्यात आहे हे सगळ्यांना समजतं; एक प्रकारचा इभ्रतीचा लिलावच चालतो. मला हे पटतं, पण अर्धंच. आयडिओत बैठकीला बोलावणं हा मान होता आणि बोलावलेले लोक त्या त्या विषयातले पोचलेले होते. आपल्याकडे रूम बुक झाली म्हणून बैठक होते. आणि इभ्रतीच्या लिलावात बोली कुठल्या भाषेत लावायची हेही आधीच ठरलेलं असतं.

मग पहिल्या नियमाचं काय, ती टीका न करण्याची शपथ? २००४ मध्ये शार्लन नेमेथ आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि फ्रान्स ह्या दोन देशांत ट्रॅफिकच्या प्रश्नावर गट बसवले. काहींना ऑस्बॉर्नचे नियम दिले, काहींना उलट सांगितलं की खुशाल वाद घाला, एकमेकांच्या कल्पनांवर टीकाही करा. वाद घालणाऱ्यांनी जास्त कल्पना दिल्या. समुद्रमंथनात आधी हलाहल निघालं होतं, ते लपवून पुढे सरकता आलं नाही. कुणीतरी ते प्यावं लागलंच. तसं काहीसं.

उपायही नवे नाहीत. १९६८ मध्ये जर्मनीत बर्न्ड रोरबाख ह्यांनी ६-३-५ ही पद्धत छापली: सहा जण, प्रत्येकाने कागदावर तीन कल्पना लिहायच्या, पाच मिनिटांनी कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. अर्ध्या तासात १०८. कुणी कुणासाठी थांबत नाही, आणि दुसऱ्याचं वाचायला मात्र मिळतं. ऐंशीच्या दशकात ॲरिझोना विद्यापीठातल्या नुनामेकर ह्यांच्या चमूने हेच संगणकावर आणलं. प्रत्येकाने आपापल्या की-बोर्डवर निनावी टाइप करायचं. १९९२ मध्ये गॅलप आणि सहकाऱ्यांना दिसलं की अशा पद्धतीत गट मोठा होत गेला तसा फायदाही वाढला. बोलून केलेल्या बैठकीत तो वाढत नाही. आणि आपल्या रोजच्या पाहण्यातलं म्हणाल तर प्लॅनिंग पोकर. २००२ मध्ये जेम्स ग्रेनिंग ह्यांनी काढलेला. सगळ्यांनी आपला आकडा पत्त्यावर लपवून ठेवायचा आणि एकदमच उघडायचा, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून ज्युनियर आपला बदलत नाही. एस्टिमेटसाठी आपण हे बिनतक्रार करतो, मग कल्पनांसाठी का नाही, कुणास ठाऊक.

ह्यात सगळ्यात अन्याय झाला असेल तर तो बिचाऱ्या ऑस्बॉर्नवर. पुस्तक नीट वाचलं तर त्याने कुठेही एकट्याचा विचार सोडून द्या असं म्हटलेलं नाही. गट हा एकट्याच्या विचाराला पूरक, आधी एकट्याने, मग गटात, मग पुन्हा एकट्याने, हे त्याने लिहून ठेवलंय. प्रश्न नेमका आणि छोटा हवा, तो आधीच लोकांना पाठवलेला हवा, गटातली माणसं साधारण एकाच हुद्द्याची हवीत, साहेब समोर असला की मोकळेपणा जातो, हेही आहे. १९६६ मध्ये तो वारला. पुस्तकातली ही पानं गळून गेली आणि चार नियम तेवढे भिंतीवर राहिले.

सध्याच्या टीममध्ये गेल्या महिन्यापासून आम्ही पहिली दहा मिनिटं कुणीही बोलायचं नाही, असं करून बघतोय. प्रश्न आदल्या दिवशी मेलवर. आल्यावर चिठ्ठ्यांवर लिहायचं, मराठी, हिंदी, इंग्रजी काहीही चालेल, नाव घालायचं नाही. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतून वाद घालायचा, आणि वादाला बंदी नाही. पहिल्या खेपेला चौतीस चिठ्ठ्या निघाल्या. अडचण एकच आली. कॉलेज सुटल्यापासून कुणी हाताने फारसं लिहिलेलंच नाही, त्यामुळे सात चिठ्ठ्यांवरचं अक्षर कुणालाच लागेना, आणि निनावी असल्यामुळे विचारणार कुणाला!